खांबाच्या उजवीकडून

पाच विरुद्ध चार मतांनी पेल्हम पार्क हे बेसबॉलचं जुनं स्टेडियम पाडायचं ठरलं, आणि त्यातलं पाचवं मत बर्निस पिएत्राकचं होतं. हे आधीच सांगून टाकलं म्हणजे निवांत विसरता येईल. तर असं काही ठरलेलं नाही. पार्क होतं तिथेच आहे, ईरी सरोवरावरून येणारा माशांच्या वासाचा वारा खात. ऑगस्टमधला रविवार आहे. घरचा संघ हेरन्स, म्हणजे बगळे, नेहमीप्रमाणे हरतो आहे; एका पायावर उभं राहून वाट बघणं एवढंच त्यांना पक्ष्यासारखं जमतं. बर्निस आपल्या बापाशेजारी खांबामागे बसली आहे, तिच्या हातात कागदी पेला आहे, पेल्यात बिअर आहे. आणि त्या बिअरमध्ये वरून काहीतरी पडलं.

डुबुक असा आवाज झाला. तसा लहानच, पण बर्निसला तो टाळूच्या आत ऐकू आला. तिनं पेल्यात पाहिलं. फेस बाजूला झाला होता आणि तळाशी अक्रोडाएवढा राखाडी तुकडा बसला होता, आपण इथलेच असल्यासारखा. मग तिनं वर पाहिलं. समोरचा लोखंडी खांब हिरवा, रंगाचे थरावर थर चढून आता साबणासारखा गुळगुळीत झालेला. तो जिथे वरच्या सज्जाच्या काँक्रीटला भिडत होता, तिथे उजव्या अंगाला एक काळी रेघ होती. मागच्या वर्षी नव्हती. की होती? आपण वर कधी पाहिलं होतं? बेसबॉल बघायला आलेलं माणूस छताकडे कशाला बघेल?

"काय पडलं?" बापानं विचारलं.

"शेंगदाणा."

"कुठून?"

"वरून."

"वरचे लोक," ताता, म्हणजे बाप, म्हणाला, आणि वरच्या सज्जात बसणाऱ्या यच्चयावत माणसांबद्दलचं त्याचं पंचेचाळीस वर्षांचं मत तेवढ्यात मावलं. मग तो म्हणाला, "फेकला का?"

"फेकला," बर्निस म्हणाली. तिनं खरं तर पाहिलं नव्हतं.

ती बिअर तिला प्यावी लागली. नसती प्यायली तर तातानं विचारलं असतं, का पीत नाहीस, शेंगदाण्यानं काय होतं. तिनं ओठ मिटून गाळत गाळत प्यायली, तरी रेती आत गेलीच. तो आठवडाभर तिच्या दाढांमध्ये काहीतरी करकरत होतं. दात घासले, मिठाच्या पाण्यानं गुळण्या केल्या, करकर होतीच. तुकडा तिनं रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला, आणि पर्स जड झाली. अक्रोडाएवढ्या वस्तूचं वजन किती असणार? पण बसच्या थांब्यावर पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेताना तिला वाटलं, आपण अख्खं पेल्हम पार्क उचलून घरी चाललोय.

आता खांबाचं सांगायला हवं. पहिल्या बेसच्या बाजूला, खालच्या सज्जात, त्या दोन खुर्च्या खांबाच्या बरोबर मागे होत्या. डावी ताताची, उजवी बर्निसची. डावीकडून मारणारा दिसायचा, फेकणारा दिसायचा नाही. उजवीकडून फेकणारा दिसायचा, मारणारा खांबाआड. म्हणून तिकीट स्वस्त. तातानं, म्हणजे काझिमिर पिएत्राकनं, काचेच्या भट्टीत काम करत असताना ही दोन तिकिटं दर मोसमाला घ्यायला सुरुवात केली तेव्हा बर्निस इतकी लहान होती की तिचे पाय खुर्चीवरून खाली लोंबायचे. पहिल्याच दिवशी तातानं कायदा सांगितला. "तुला दिसतं ते मला दिसत नाही. मला दिसतं ते तुला नाही. दिसलं की सांगायचं." एवढंच कलम. मग बर्निस म्हणायची, "फेकला," आणि ताता म्हणायचा, "हुकला." फेकला, मारला. फेकला, सोडला. फेकला, उडाला. 'उडाला' म्हटलं की दोघं खांबाच्या आपापल्या बाजूनं वाकून आकाशात बघायची. आकाश दोघांना सारखंच होतं.

घरी ताता बोलत नसे. रागावून नव्हे, भट्टीच्या आवाजात दिवसभर बोलून उपयोग नसायचा, तेव्हा संध्याकाळी ती सवय उगाच कशाला मोडायची, असा काहीतरी त्याचा हिशेब असावा. आई त्याच्या वाटचंही बोलायची. "तुझे ताता म्हणतायत सूप खारट झालंय," ती म्हणायची, आणि ताता मान हलवायचा, की हो, मी म्हणतोय. बर्निस दहावीत पहिली आली तेव्हा, तिचं लग्न ठरलं तेव्हा, ते मोडलं तेव्हा, तातानं प्रत्येक वेळी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, भट्टीनं कडक झालेला, पावाच्या कडेसारखा हात. शब्द नाही. शब्द सगळे पार्कात. एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून तीनेकशे चेंडू फेकले जातात. म्हणजे बाप तिच्याशी तीनशे वेळा बोलायचा, आणि प्रत्येक वेळी खरं. इतर मुलींचे बाप किती बोलतात ते बर्निसनं शाळेत विचारून पाहिलं होतं. तिचा बाप पुष्कळ पुढे होता.

एकदाच ते खांबामागून उठले होते. तिच्या सोळाव्या वाढदिवशी कारखान्याच्या साहेबानं स्वतःच्या जागा दिल्या, घरच्या प्लेटच्या, म्हणजे मारणारा उभा राहतो त्या जागेच्या, अगदी मागे, गादीच्या खुर्च्या. तिथून सगळं दिसत होतं. फेकणारा दिसला, मारणारा दिसला, पंचाच्या मानेवरचं घामोळं दिसलं. नऊच्या नऊ इनिंग बापलेक शेजारी शेजारी बसून राहिले आणि एक अक्षर बोलले नाहीत. काय बोलणार? दोघांनाही सगळं दिसत होतं. घरी आल्यावर आईनं विचारलं, "कसं होतं?" दोघंही म्हणाली, "बरं होतं." आणि पुढच्या रविवारी खांबामागे जाऊन बसली तेव्हा तातानं खुर्चीत बसता बसता असा सुस्कारा सोडला, जसा माणूस लग्नातले बूट काढून सोडतो.

बर्निस आता एकावन्न वर्षांची होती आणि एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. माणसाला खुर्चीत बसवायचं, चौकटीत काच घालायची आणि विचारायचं, "पहिलं बरं, की दुसरं?" मग काच बदलायची. "आता पहिलं बरं, की दुसरं?" दिवसभर हेच. माणसं घाबरायची. चुकीचं उत्तर दिलं तर जन्मभर चुकीचं दिसेल असं त्यांना वाटायचं. ती त्यांना सांगायची, "मनात येईल ते सांगा, इथे कुणी नापास होत नाही." आणि त्या रविवारनंतरच्या आठवड्यात ती स्वतःच काच हातात धरून थांबायला लागली. एक म्हातारी बाई खुर्चीतून म्हणाली, "अगं, विचार की. मी केव्हाची दुसरं म्हणायला बसलेय."

कारण पार्क ठेवायचं की पाडायचं यावर बर्निसला मत होतं. हे मत तिला दिव्याच्या खांबामुळे मिळालं होतं. तीन वर्षांपूर्वी गल्लीतला दिवा बंद आहे अशी तक्रार करायला ती नगरपालिकेत गेली असताना चुकून वारसा समितीच्या खोलीत शिरली. समितीला नियमाप्रमाणे एक 'सामान्य नागरिक' हवा होता आणि तो वर्षभर सापडत नव्हता. अध्यक्षबाई मिसेस ओस्टरहाउट यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही सामान्य आहात का?" बर्निस म्हणाली, "हो, पण माझ्या गल्लीतला दिवा…" तोवर तिचं नाव लिहून झालं होतं. दिवा अजून बंदच होता. तेव्हापासून आजवर समितीनं वाचवलेली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे घोड्यांना पाणी पाजायचा एक दगडी हौद. त्या शहरातला शेवटचा घोडा मरून बर्निसच्या वयाएवढा काळ झाला होता. हौद वाचवल्याच्या दिवशी सगळ्यांनी केक खाल्ला.

आणि आता पेल्हम पार्क. संघाचा मालक म्हणत होता, हे म्हातारं झालंय, कधीतरी कुणाच्या तरी डोक्यावर पडेल, मला नवं बांधून द्या, आणि तेही शहराच्या पैशानं. म्हणून शहरातल्या निम्म्या लोकांची खात्री झाली होती की पार्क कधीच पडणार नाही. मालकाच्या तोंडून आलेली गोष्ट खरी कशी असेल? तो म्हणाला असता की उद्या सोमवार आहे, तर लोकांनी कॅलेंडर पाहिलं असतं. पार्क वाचवा मंडळाचा प्रमुख विल्बर टॅगार्ट तर सभेत उभा राहून म्हणाला होता, "एक तुकडा दाखवा. या पार्कातून निखळलेला एक तुकडा मला आणून दाखवा, मी माझ्या हातानं पहिला घाव घालतो." टाळ्या पडल्या होत्या. बर्निसनंही वाजवल्या होत्या. तेव्हा तिची पर्स हलकी होती.

त्याच टॅगार्टनं जूनमध्ये पार्काला मिठी मारायचा कार्यक्रम ठेवला होता. हातात हात घालून सगळ्या पार्काभोवती कडं करायचं. माणसं कमी पडली. मागची बाजू उघडी राहायला लागली तेव्हा लोकांनी स्वेटर काढले आणि बाह्या धरून कडं लांबवलं. शेवटची फट टॅगार्टच्या कुत्र्यानं भरून काढली, पट्टा एकाच्या हातात आणि शेपूट दुसऱ्याच्या. बर्निसच्या एका हातात परक्या माणसाचा हात होता, दुसऱ्या हातात स्वेटरची बाही होती, आणि बाही जास्त ऊबदार होती. तिनं विटांच्या भिंतीला गाल लावला. भिंत उन्हानं तापली होती. आत कुठेतरी, या विटांच्या पलीकडे, दोन खुर्च्या होत्या, आणि त्या आता रिकाम्या असताना खांबाच्या डावीकडून उजवीकडे कोण काय सांगत असेल असा एक वेडा विचार तिच्या मनात आला होता.

कारण आई गेल्यावर ताताच्या वाटचं बोलणारं कुणी उरलं नव्हतं. वृद्धाश्रमात त्याच्या पलंगाच्या पायथ्याशी पाटी होती, तिच्यावर पथ्याखाली लिहिलं होतं: बोलत नाहीत. बर्निसनं नर्स लोरेनला सांगितलं होतं, "ते बोलतात." लोरेननं तिच्या दंडावर हात ठेवून म्हटलं होतं, "हो, बाई. आपल्या माणसाचं आपल्याला ऐकू येतंच." बर्निस म्हणाली, "नाही, खरंच बोलतात. रविवारी. पार्कात." लोरेन म्हणाली, "किती छान." त्यानंतर बर्निसनं विषय काढला नाही. पण दर रविवारी ती त्याला टॅक्सीत घालून न्यायची, चाकाच्या खुर्चीतून उतरवून डाव्या खुर्चीत बसवायची, आणि पहिला चेंडू पडला की चौऱ्याऐंशी वर्षांचा तो मुका म्हातारा खणखणीत आवाजात म्हणायचा, "सोडला."

तर प्रश्न असा होता. तुकडा दाखवला तर पार्क जाणार, आणि पार्क गेलं तर ताताचा आवाज जाणार. नाही दाखवला तर पुढचा तुकडा अक्रोडाएवढाच असेल असं कुणी लिहून दिलं नव्हतं. बर्निस रात्री अंथरुणात नव्हे, भर दिवसा दवाखान्यात उभी राहून ते पडणं पाहायची. आधी बारीक धूळ, मग एक गप्प असा क्षण, ज्यात सगळे वर बघतात. दवाखान्यातल्या रेडिओवर सामना लागला की ती काच पुसायची थांबून ऐकायची. समालोचक ओरडला, "काय हा जल्लोष! पार्क हादरतंय नुसतं!" तर तिच्या हातातून काच पडली. डॉक्टर म्हणाले, "बर्निस, जिंकलं का कुणी?" ती म्हणाली, "अजून उभं आहे." डॉक्टरांना वाटलं ती बॅटरबद्दल बोलतेय.

नव्या स्टेडियमचा नकाशा समितीनं पाहिला तो याच आठवड्यात. वास्तुकार कॅल्विन रूडेल तरुण होता, त्याचे दातसुद्धा नव्यानं बांधल्यासारखे होते. त्यानं पुठ्ठ्याचं स्टेडियम टेबलावर ठेवलं. ते जुन्यासारखं दिसत होतं. विटा जुन्या दिसाव्या म्हणून आधीच झिजवून आणणार होते. एका भिंतीवर वेल चढवणार होते, आणि वेल चढेपर्यंत वेलीचं चित्र. "जुन्याचं सगळं जुनेपण आम्ही ठेवलंय," रूडेल म्हणाला, "फक्त जुनं काही ठेवलं नाही." मग त्यानं आवाज खाली आणला, जशी शेवटची बातमी देतात. "आणि एकही खांब नाही. या स्टेडियममध्ये एकही वाईट खुर्ची नाही."

"एकही नाही?" बर्निसनं विचारलं.

"एकही नाही, बाई."

"म्हणजे कुठेही बसलं तरी सगळं दिसणार?"

"प्रत्येकाला सगळं दिसणार," रूडेल अभिमानानं म्हणाला.

चाळीस हजार माणसं, सगळ्यांना सगळं दिसतंय, कुणालाच कुणाला काही सांगायचं नाही. घरच्या प्लेटमागची ती गादीची खुर्ची तिच्या मांड्यांखाली पुन्हा मऊ झाली. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली, आणि दाढेखाली रेती करकरली. समितीतल्या बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सामान्य नागरिकाला नकाशा इतका आवडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

तिनं एक प्रयोग करून पाहिला, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. शुक्रवारी बगळ्यांचा सामना परगावी होता, टीव्हीवर. वृद्धाश्रमाच्या बैठकीत रबराच्या झाडाची एक उंच कुंडी होती. बर्निसनं ती ढकलत ढकलत टीव्हीसमोर आणली, ताताला डावीकडे बसवलं, स्वतः उजवीकडे बसली. पानांआड अर्धा पडदा गेला. मागून एक म्हातारा ओरडला, "ए बये, झाड दाखवायला आणलंस का आम्हाला?" दुसरी म्हणाली, "राहू दे रे, या संघापेक्षा झाड बरं." बर्निसनं कुणाकडे लक्ष दिलं नाही. ती पडद्याच्या आपल्या अर्ध्यावर डोळे रोवून बसली आणि म्हणाली, "फेकला." तातानं काही म्हटलं नाही. टीव्हीतल्या माणसानं लगेच सांगितलं, की स्ट्राइक, म्हणजे हुकला. पुन्हा दाखवलंही, तीन बाजूंनी. बर्निस पुन्हा म्हणाली, "फेकला." ताता उठला. हळूहळू, खुर्चीच्या हाताला धरून, सपाता घासत तो कुंडीपाशी गेला, तिला दोन्ही हातांनी बाजूला सारलं, परत येऊन बसला. मागच्यांनी टाळ्या वाजवल्या. तातानं बर्निसच्या डोक्यावर हात ठेवला. ते तिला सगळ्यात वाईट वाटलं.

शेवटी तो रविवार आला, समितीच्या मतदानाआधीचा. बर्निस ताताला घेऊन गेली. न नेण्याचा विचार तिनं केला होता. पण न नेणं म्हणजे स्वतःच्या हातानं ते पाडण्यासारखंच होतं, फक्त दोन माणसांपुरतं. ओडेल दारात भेटला. ओडेल हा त्या भागाचा जुना सेवक, फरच्या हातमोज्यानं खुर्च्या पुसून माणसांना बसवणारा. त्याला आणि बर्निसला एकमेकांचे केस पिकताना दिसले होते. त्यानं दोन्ही खुर्च्यांवर मोजा फिरवला.

"ओडेल, वर ती रेघ बघितलीत का?" बर्निस ताताला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली.

"कुठली रेघ?"

"ती. खांबाच्या डोक्यापाशी."

ओडेलनं वर पाहिलं नाही. "मंगळवारी रंग दिलाय तिथं."

"रंग दिलाय, पण फटीवरून दिलाय. फट हिरवी झाली नुसती."

"मग चांगलंच की. सगळ्याशी मिळून गेली." तो मोजा झटकत राहिला. "बाई, इथून काही पडत नाही. पडलंच तर ते कबुतर असतं. मी नव्या ठिकाणी अर्ज केला तर ते मला विचारतील, मोज्यानं पुसता येतं का? तिथल्या खुर्च्या आपल्या आपण मिटतात म्हणे." आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. वळताना त्याची पावलं जराशी बाजूनं गेली, त्या रेघेच्या खालची जागा चुकवून. त्याला ते कळलंही नसावं. बर्निसला कळलं.

पुढच्या रांगेत एक बाई बाळाला घेऊन बसली होती. बर्निस पुढे वाकून म्हणाली, "तुम्ही तिकडे सरकाल का? इथे ऊन येतं." बाईनं आजूबाजूला पाहिलं. सज्जाखाली गर्द सावली होती, दिवे लावावे लागतील अशी. "येईल," बर्निस म्हणाली, "अचानक येतं." बाईनं बर्निसचा चेहरा पाहिला आणि बाळाला घेऊन चार खुर्च्या सरकली, उन्हाला घाबरून नव्हे.

सामना सुरू झाला. बर्निस वर बघत होती. हिरवी फट आता हात जाईल एवढी होती, की मागच्या आठवड्यातही एवढीच होती? पहिलं बरं, की दुसरं? वर कुणी पाय आपटला की फटीच्या कडेवरून पिठासारखं काही सुटायचं आणि हवेत विरायचं, ते तिला दिसत होतं, फक्त तिलाच. डावीकडून ते खांबाआड होतं. लोक ओरडले. तिनं मान खाली केली, तोवर होऊन गेलं होतं. पुन्हा वर पाहिलं. पुन्हा लोक ओरडले.

"फेकला का?" तातानं विचारलं.

ती वरच बघत होती.

"बर्नी. हा माणूस हवेतच फिरवतोय. फेकतायत का तिकडे?"

"फेकतायत, ताता."

"मग सांगत का नाहीस? वर काय बघतेस?"

"काही नाही."

ताता खांबाकडे तोंड करून बसला होता. त्याच्या डाव्या बाजूला मारणारा बॅट झुलवत उभा होता, पण ताता तिकडे बघत नव्हता. मग तो इतकं लांब वाक्य बोलला की बर्निसला वाटलं शेजारून दुसरंच कुणी बोलतंय.

"मला तिकडचं दिसत नाही गं," तो म्हणाला. "तू सांगशील तेवढंच तिकडं असतं. तू काही नाही म्हणालीस तर मी काही नाहीच धरून बसतो."

बर्निस त्याच्याकडे वळली. "ताता, वर तडा गेलाय. खांबाच्या माझ्या बाजूनं."

"केवढा?"

"हात जाईल एवढा."

बगळ्यांचे तीन गडी बाद झाले, दोन्ही संघांनी जागा बदलल्या, लाउडस्पीकरवर कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाची घोषणा झाली. मग तातानं विचारलं,

"कधीपासून?"

"शेंगदाण्यापासून."

"तो शेंगदाणा नव्हता?"

"नव्हता."

"आणि तू ती बिअर प्यायलीस."

"हो."

तातानं मान हलवली. हे त्याला तड्याइतकंच वाईट वाटलेलं दिसलं. तो म्हणाला, "मग सांग त्यांना."

"कुणाला?"

"ज्यांना दिसत नाही त्यांना. मला काय सांगतेस, मी काय करणार."

"ताता, सांगितलं की हे पाडतील. मग आपण कुठे बसायचं? मग तुम्ही…" पुढचं तिला म्हणवेना. तुम्ही बोलणार कुठे, हे माणसाला कसं विचारायचं, तो समोर बोलत असताना?

समोर फेकणाऱ्यानं पाय उचलला. बर्निसला ते दिसलं. सवयीनं, जीभ आपली आपण हलली. "फेकला," ती म्हणाली.

"उडाला," ताता म्हणाला.

दोघं वाकली, ती उजवीकडून, तो डावीकडून. चेंडू पुष्कळ वर गेला होता. सज्जाच्या कडेपलीकडच्या आकाशात तो जरा वेळ थांबल्यासारखा दिसला, आणि तेवढ्या वेळात बर्निस फटीकडे बघायची विसरली. मग कुणीतरी तो झेलला. तरी बगळे हरतच होते. ताता उरलेल्या सामन्यात प्रत्येक चेंडूला बोलला, एकही सोडला नाही, मारणाऱ्यानं नुसती टोपी नीट केली तरी सांगितलं. जणू काही तो साठवून ठेवत होता, तिच्यासाठी की स्वतःसाठी ते बर्निसला कळलं नाही. टॅक्सीत तो काच खाली करून गप्प बसला. दाराशी लोरेननं विचारलं, "काय मग, मजा आली का, मिस्टर पिएत्राक?" आणि त्यानं लोरेनकडे पाहून नम्रपणे काहीच म्हटलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी समिती बसली. मिसेस ओस्टरहाउट टेबलाभोवती क्रमानं विचारत गेल्या. सामान्य नागरिकाची खुर्ची दाराजवळ, शेवटची. ठेवा. पाडा. पाडा. ठेवा. टॅगार्ट प्रेक्षकांत बसला होता, त्याचा कुत्रा त्याच्या पायांशी; कुत्र्यालाही कार्यकर्त्याचा बिल्ला होता. ठेवा. पाडा. रूडेल पुठ्ठ्याच्या स्टेडियमवरची धूळ फुंकत होता. पाडा. ठेवा. चार आणि चार झाली, आणि खोलीतला प्रत्येक चेहरा दाराकडे वळला, जसे लोक कोण आलं ते बघतात. बर्निसला वाटलं, आपण चौकटीसमोरच्या खुर्चीत बसलोय आणि कुणीतरी काच हातात धरून थांबलंय. इथे कुणी नापास होत नाही. ते खोटं होतं, हे तिला इतकी वर्षं सांगताना कळलं नव्हतं.

"सदस्य पिएत्राक?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

बर्निसनं पर्स उघडली, रुमाल काढला, सोडला, आणि तुकडा टेबलावर ठेवला. लाकडावर लहानसा आवाज झाला.

"हे काय?"

"तुम्हाला तिकडून दिसत नाही," बर्निस म्हणाली. "मला दिसतं, म्हणून सांगते. हे माझ्या बिअरमध्ये पडलं. याच्यामागे अजून पुष्कळ आहे. खाली माणसं बसतात, परवा एक बाळ होतं."

टॅगार्ट उठून टेबलापाशी आला आणि वाकून तुकड्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा ओळखीच्या प्रेताकडे बघणाऱ्यासारखा झाला. "हे कुठलंही असू शकतं," तो हळू म्हणाला, पण त्याचा हात पुढे गेला आणि त्यानं तुकडा उचलला, आणि तो हिरव्या रंगाच्या बाजूवरून अंगठा फिरवत राहिला. तो हिरवा त्या शहरात दुसरीकडे कुठेही नव्हता.

"पाडा," बर्निस म्हणाली. म्हणजे सुरुवातीला सांगितलं होतं ते झालं होतं.

खुर्च्या सरकल्या, रूडेलनं कुणाचा तरी हात हलवला, टॅगार्ट तुकडा खिशात घालून कुत्र्याला घेऊन निघून गेला. बर्निसला पर्स हलकी लागली आणि त्याचीच भीती वाटली. तिनं हात वर केला.

"आता काय, सदस्य पिएत्राक?" मिसेस ओस्टरहाउटनी डोळे मिटून विचारलं. "दिव्याचं असेल तर ते दुसऱ्या मजल्यावर."

"दिव्याचं नाही. मला एक विनंती नोंदवायची आहे. नव्या स्टेडियमबद्दल."

"लेखी द्या. योग्य त्या विभागाकडे जाईल." जाईल या शब्दात ती कुठे जाईल ते सगळ्यांना ऐकू आलं.

बर्निस दाराजवळच्या खुर्चीत परत बसली आणि तिनं लिहून दिलं:

मा. अध्यक्ष, वारसा समिती, यांस. विषय: नियोजित स्टेडियममध्ये एक खांब मिळण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, पहिल्या बेसच्या बाजूस, खालच्या सज्जात, कोणत्याही दोन लगतच्या खुर्च्यांसमोर मधोमध एक लोखंडी खांब उभारण्यात यावा. सदर खांबावर कोणताही भार टाकण्यात येऊ नये. तो हिरव्या रंगाचा असावा. डावीकडील खुर्चीतून फेकणारा व उजवीकडील खुर्चीतून मारणारा अजिबात दिसत नाही, याची संबंधित अभियंत्यांनी दोन्ही खुर्च्यांत स्वतः बसून, एकमेकांस मोठ्याने विचारून, खात्री करून घ्यावी. सदर दोन खुर्च्यांच्या परिसरात लाउडस्पीकर अथवा टीव्हीचा पडदा बसवण्यात येऊ नये. तसेच भविष्यात खांबाच्या वर तडा गेल्यास, तो उजवीकडील खुर्चीतील व्यक्तीस दिसेल अशाच बाजूने जाईल, अशी व्यवस्था करण्यात यावी.